हात कीबोर्डवरच राहू द्या: संगणकावर नव्याने कामाला बसणाऱ्यांसाठी शॉर्टकटची वाट

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीवर मी हिशेबाच्या कामाला रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे एमएससीआयटीचे प्रमाणपत्र होते आणि इंग्रजी ४० व मराठी ३० या दोन्ही टायपिंगच्या परीक्षा झालेल्या होत्या. तरीही पहिल्या हंगामात सौदे दुपारी आटोपले, तरी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची मालाच्या हिशेबाची बिले, काढून संपेपर्यंत रात्रीचे आठ वाजत. शेतकरी बाहेरच्या बाकावर गावची शेवटची एसटी चुकेल या काळजीने बसलेले असत आणि आत मी घाईघाईने आणखी चुका करत असे. माझे टायपिंग हळू नव्हते. दर दोन आकड्यांनंतर माझा उजवा हात कीबोर्ड सोडून माउसकडे जाई, बाण शोधी, तो नेमक्या चौकटीवर नेई आणि मग परत येऊन आपली जागा चाचपडत बसे. वेळ खाणारी गोष्ट ती फेरी होती, आणि हे मला कोणत्याही वर्गात कुणी सांगितले नव्हते.

हा लेख पेढीवर, पतसंस्थेत, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नव्याने संगणकावर बसणाऱ्यांसाठी आहे. शंभर शॉर्टकटची यादी छापून भिंतीला लावणारे पुष्कळ असतात. मीही लावली होती, आणि तिच्यावर हळदीची धूळ बसण्यापलीकडे तिचा काही उपयोग झाला नाही. तुमच्या स्वतःच्या कामात जी हालचाल दिवसातून पन्नास वेळा होते, तेवढ्याच हालचालीचा शॉर्टकट शिकायचा, या एका धोरणावर पुढील सगळ्या पायऱ्या उभ्या आहेत. उदाहरणे विंडोज १० व ११, एक्सेल आणि हिशेबाचा प्रोग्रॅम टॅली प्राइम यांतील आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत हेच असते.

सुरुवातीला जवळ असावे असे साहित्य

- उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच, म्हणजे नंपॅड, असलेला पूर्ण कीबोर्ड. लॅपटॉपवर तो नसेल, तर स्वतंत्र यूएसबी कीबोर्ड जोडून घ्यावा. रकमा भरण्याचे काम असणाऱ्याने यात काटकसर करू नये.
- एक छोटी वही आणि पेन.
- पडद्याच्या कडेला लावण्यासाठी चिकटणाऱ्या चिठ्ठ्या. एका वेळी एकच चिठ्ठी लावायची आहे.
- रोजच्या कामाच्या एखाद्या फाइलची सरावासाठी काढलेली प्रत. मूळ फाइलवर सराव करू नये; का ते सातव्या पायरीत येईल.

१. आधी हाताच्या फेऱ्या मोजा

पहिल्या दिवशी एकही शॉर्टकट शिकू नका. वही डाव्या बाजूला उघडी ठेवा आणि हात माउसकडे गेला की का गेला ते एका शब्दात लिहा. सेव्ह करायला गेला, दुसऱ्या शीटवर जायला गेला, आजची तारीख वरून उचलायला गेला, असे. तोच शब्द पुन्हा आला की त्याच्यापुढे फक्त एक रेघ मारा.

मी हे केले, तेव्हा एका पट्टीमागे हात साधारण ६ वेळा माउसकडे जातो असे दिसले. हंगामात दिवसाला ५० पट्ट्या धरल्या, तरी ३०० फेऱ्या झाल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक फेऱ्या केवळ तीन कारणांसाठी होत्या: पुढच्या चौकटीत जाणे, वरचेच गाव पुन्हा लिहिणे आणि छपाईची आज्ञा देणे. म्हणजे मला त्या आठवड्यात तीनच शॉर्टकट हवे होते. तुमच्या वहीत दुसरीच तीन कारणे निघतील, आणि तुमच्या अभ्यासाचा क्रम तीच ठरवतील.

२. कळा दाबण्याची रीत नीट बसवा

एफ आणि जे या कळांवर बोटाला लागणारा छोटा उंचवटा असतो, तसाच नंपॅडवरच्या ५ वरही असतो. दोन्ही तर्जन्या एफ व जे वर आणि नंपॅडवर मधले बोट ५ वर, ही घरची जागा. हात कुठूनही आला तरी न बघता या जागी बसला पाहिजे. टायपिंग झालेल्यांना हे ठाऊक असते. बाकीच्यांनी चार दिवस एवढेच करावे.

शॉर्टकटमधील दोन कळा एकाच क्षणी दाबायच्या नसतात. आधी कंट्रोल दाबून धरायचे, ते धरलेले असतानाच अक्षराची कळ हलकेच टिचकी मारल्यासारखी दाबून सोडायची, आणि मग कंट्रोल सोडायचे. नवख्या माणसाकडून कंट्रोल किंचित उशिरा दाबले जाते, त्यामुळे कॉपी होण्याऐवजी निवडलेला अख्खा परिच्छेद जाऊन त्याच्या जागी एकटे सी हे अक्षर उमटते. असे झाले तर घाबरून पुढे काही टाइप करू नका. लगेच कंट्रोल + झेड दाबा, परिच्छेद परत येईल.

लॅपटॉपवर एफ१ ते एफ१२ या कळा अनेकदा आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्याला जोडलेल्या असतात. एफ२ दाबल्यावर चौकट उघडण्याऐवजी पडदा अंधारत असेल, तर एफएन धरून एफ२ दाबावे. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन + एस्केप एकदा दाबले की ही अदलाबदल कायमची होते.

३. पुढे जाण्याआधी मागे फिरण्याची वाट

वेग वाढला की चुकाही वेगाने होतात, म्हणून सर्वांत आधी परतीचे शॉर्टकट शिकावेत.

- कंट्रोल + झेड: शेवटची कृती मागे घेणे. पुन्हा पुन्हा दाबले तर एकेक पाऊल मागे.
- कंट्रोल + वाय: मागे घेतलेले पुन्हा पुढे आणणे.
- कंट्रोल + एस: सेव्ह करणे. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी दर पट्टीनंतर हे बोटांनी आपोआप केले पाहिजे.
- एफ१२: वर्ड व एक्सेलमध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करणे.
- एस्केप: अर्धवट उघडलेली चौकट, यादी किंवा भरलेला मजकूर सोडून देणे.

फोल्डरमधली फाइल चुकून डिलीट झाली किंवा तिचे नाव बदलले, तर तेथेही कंट्रोल + झेड चालते, हे पुष्कळांना माहीत नसते. मात्र शिफ्ट + डिलीट दाबून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि पेन ड्राइव्हवरून काढलेलीही जात नाही. शिफ्ट + डिलीटला माझ्या मते नवख्याने पहिले सहा महिने हातच लावू नये. गंमत अशी की मजकूर लिहिताना हीच जोडी बऱ्याच ठिकाणी कटचे काम करते, कारण कॉपीसाठी कंट्रोल + इन्सर्ट आणि पेस्टसाठी शिफ्ट + इन्सर्ट अशी जी जुनी पद्धत होती, तिच्यातील ती तिसरी भावंड आहे. एकच जोडी एका खिडकीत मजकूर उचलते आणि दुसरीत फाइल कायमची घालवते. म्हणून दाबण्यापूर्वी आपण कोणत्या खिडकीत आहोत ते बघावे.

एक्सेलविषयी आणखी एक सावधगिरी. दोन फायली एकाच वेळी उघड्या असतील, तर कंट्रोल + झेड दोन्हींमधील बदल एकाच साखळीत मागे घेते. तुम्ही या फाइलमध्ये सलग पाच वेळा दाबत राहिलात, तर तिसऱ्या दाबाला शेजारच्या फाइलमधले बरोबर असलेले आकडे उलटण्याचा संभव असतो. शिवाय अख्खे शीट डिलीट केले, तर ते या वाटेने परत येत नाही.

४. उचलणे, हलवणे, चिकटवणे

कंट्रोल + एक्स, सी, व्ही हे सर्वांना ठाऊक असतात, त्यामुळे त्यांवर वेळ घालवत नाही. कट, कॉपी, पेस्ट या कल्पनेला आजचे रूप १९७०च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी दिले. झेड, एक्स, सी, व्ही या चारही कळा खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत, म्हणून डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर ठेवून बाकीच्या बोटांनी चारही कामे जागच्या जागी होतात. जे लोक हे काम दोन हातांनी करतात, त्यांनी ती सवय आधी मोडावी.

अधिक उपयोगाचा आणि कमी ठाऊक असलेला शॉर्टकट म्हणजे विंडोज + व्ही. येथे विंडोज म्हणजे खिडकीचे चिन्ह असलेली कळ. कंट्रोल + व्ही फक्त शेवटची उचललेली गोष्ट चिकटवते. विंडोज + व्ही मात्र उचललेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी दाखवते, तिच्यातून बाणाने निवडून एंटर दाबायचे. पहिल्यांदा दाबल्यावर ही सोय चालू करण्याचे बटण समोर येते. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि नाव या तिन्ही गोष्टी एकामागून एक उचलून दुसऱ्या खिडकीत तीन ठिकाणी टाकायच्या असतील, तर खिडक्यांमधल्या चार फेऱ्या वाचतात. यादीत कायम हवा असलेला मजकूर पिन करून ठेवता येतो. परंतु ही यादी त्या संगणकावर बसणाऱ्या पुढच्या माणसालाही दिसते, हे विसरू नका. त्याविषयी शेवटच्या पायरीत लिहिले आहे.

५. मजकुरात फिरणे

येथे फार थांबण्याचे कारण नाही. कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण एकेक शब्द उडी मारतो. होम ओळीच्या सुरुवातीला आणि एंड ओळीच्या शेवटी नेते. कंट्रोल धरून होम व एंड दाबले की मजकुराच्या आरंभाला व अखेरीला. यांपैकी कोणत्याही जोडीबरोबर शिफ्ट धरले की वाटेतला मजकूर निवडला जातो. कंट्रोल + बॅकस्पेस मागचा अख्खा शब्द पुसते. कंट्रोल + एफ शोधते आणि कंट्रोल + पी छपाईची खिडकी उघडते. एवढ्यावर अर्ज, पत्रे आणि ठराव निभावतात.

६. खिडक्या बदलणे

ऑल्ट + टॅब मागच्या खिडकीकडे नेते, आणि ऑल्ट धरून ठेवले तर सगळ्या उघड्या खिडक्या समोर मांडते. विंडोज + ई फोल्डर उघडते, विंडोज + डी सगळे खाली करून डेस्कटॉप दाखवते. मला सर्वांत कामाला आलेली जोडी विंडोज + डावा बाण आणि विंडोज + उजवा बाण ही आहे. डाव्या अर्ध्या पडद्यावर बँकेचा उतारा आणि उजव्या अर्ध्यावर आपली खतावणी, असे शेजारी शेजारी मांडून ताळा घेतला की डोळ्यांना आणि मानेला पुष्कळ आराम पडतो. पडद्याचा काही भाग चित्र म्हणून हवा असेल, तर विंडोज + शिफ्ट + एस. ब्राउजरमध्ये घाईत टॅब बंद झाला, तर कंट्रोल + शिफ्ट + टी तो परत आणते.

७. एक्सेलमध्ये भरणे, बघणे आणि सांभाळणे

हा भाग सावकाश वाचावा, कारण वाचलेला वेळ बहुतेक येथेच वाचतो आणि गेलेला जीवही येथेच जातो.

आमच्या पट्टीच्या शीटमध्ये नाव, गाव, पोती, वजन, दर, रक्कम, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम असे रकाने असतात. नवीन माणूस नाव लिहितो, माउसने गावाच्या चौकटीत जातो, गाव लिहितो, पुन्हा माउस. त्याऐवजी नाव लिहून टॅब दाबावे, गाव लिहून टॅब, पोती लिहून टॅब, आणि ओळीतील शेवटचा आकडा भरल्यावर एंटर दाबावे. एक्सेल जेथून टॅबची सुरुवात झाली, त्याच रकान्यात एक ओळ खाली, म्हणजे पुढच्या शेतकऱ्याच्या नावाच्या चौकटीत, आपणहून परत येते. अट एवढीच की मध्ये कोठे बाण किंवा माउस वापरू नये, नाहीतर ही साखळी तुटते. या एका सवयीने माझा दिवस तासाभराने लहान झाला.

गावांच्या नावांसाठी ऑल्ट + खालचा बाण वापरावा. त्या रकान्यात वर आलेली सगळी नावे यादीच्या रूपाने उघडतात आणि बाणाने निवडता येतात. आपल्या जिल्ह्यात कवठेमहांकाळ, कवठेपिरान आणि कवठेएकंद अशी तीन कवठी आहेत. एक्सेल पुढची अक्षरे आपोआप सुचवते तेव्हा पडद्याकडे न बघता एंटर मारणाऱ्याने कवठेपिरानच्या शेतकऱ्याला कवठेमहांकाळला नेऊन बसवले, तर त्याला दोष सॉफ्टवेअरला देता येणार नाही. यादीतून निवडले की शुद्धलेखनही एकसारखे राहते, आणि पुढे गावनिहाय फिल्टर लावताना एकाच गावाची तीन रूपे निघत नाहीत.

रोज लागणारे बाकीचे असे:

- कंट्रोल + अर्धविराम: आजची तारीख. ती दुसऱ्या दिवशी बदलत नाही, म्हणून पट्टीसाठी हीच योग्य.
- एफ२: चौकटीतील मजकूर न पुसता दुरुस्त करणे.
- ऑल्ट + बरोबरचे चिन्ह: वरच्या आकड्यांची बेरीज.
- कंट्रोल + बाण: भरलेल्या भागाच्या कडेपर्यंत उडी. शिफ्टसह दाबले तर तेवढा भाग निवडला जातो.
- कंट्रोल + पेज अप किंवा पेज डाउन: आधीचे किंवा पुढचे शीट.
- कंट्रोल + शिफ्ट + एल: फिल्टर लावणे व काढणे.
- कंट्रोल + एंटर: निवडलेल्या सगळ्या चौकटींत एकच मजकूर भरणे.
- एफ४: सूत्र लिहिताना चौकटीचा पत्ता डॉलरचे चिन्ह लावून पक्का करणे, एरवी शेवटची कृती पुन्हा करणे.

आता कंट्रोल + डी. निवडलेल्या भागातील सर्वांत वरची चौकट खालच्या सगळ्यांत उतरवणारा हा शॉर्टकट आहे. रकमेचे सूत्र एका ओळीत लिहून खाली उतरवण्यासाठी याच्यासारखे साधन नाही, आणि याच्याच पायी माझी आयुष्यभर लक्षात राहील अशी फजिती झाली. सौद्याचा दिवस होता, शीटमध्ये ४२ शेतकरी भरलेले होते, आणि मला रकमेच्या रकान्यात सूत्र उतरवायचे होते. कर्सर मात्र एक रकाना डावीकडे, दराच्या रकान्यात होता. मी न बघता कंट्रोल + शिफ्ट + खालचा बाण दाबला, लगेच कंट्रोल + डी, लगेच कंट्रोल + एस, फाइल बंद केली आणि पट्ट्यांची छपाई करणाऱ्या मुलाला फाइल दिली. रकमेचे सूत्र आधीच्या दिवसाचे तसेच असल्यामुळे सगळ्या रकमाही नव्या दराने आपोआप बदलल्या आणि शीट दिसायला अगदी नीटनेटके राहिले. पहिल्या शेतकऱ्याची हळद उत्तम राजापुरी होती. तिचा दर शेवटच्या शेतकऱ्याच्या कणीलाही, म्हणजे हळदीच्या हलक्या तुकड्यांनाही, लागला होता.

दिवाणजी छापलेल्या पट्ट्या सौद्याच्या वहीशी ताडून बघत होते. चौथ्या पट्टीवर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पोरी, समद्यांस्नी एकच दर लावलास व्हय?" फाइल बंद झालेली असल्यामुळे कंट्रोल + झेडची वाट संपलेली होती. सगळे दर वहीवरून पुन्हा भरावे लागले, आणि बाहेर थांबलेल्यांची समजूत दिवाणजींनीच चहा सांगून काढली.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी पाळते. कंट्रोल + डी दाबण्यापूर्वी वर डाव्या कोपऱ्यात चौकटीचा पत्ता दाखवणाऱ्या नेम बॉक्समध्ये कोणता रकाना दिसतो ते वाचते. दाबल्यानंतर कंट्रोल + खालच्या बाणाने शेवटच्या ओळीवर जाऊन एक आकडा हाताने पडताळते. आणि सेव्ह करण्याआधी हे दोन्ही करते, नंतर नव्हे. दर भरून झाल्यावर फाइलची एक प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवावी, असेही सुचवेन. फोल्डरमध्ये फाइलवर उभे राहून कंट्रोल + सी, कंट्रोल + व्ही केले की प्रत तयार होते आणि एफ२ ने तिचे नाव बदलता येते.

एक्सेलमधील आणखी दोन फसवे प्रसंग सांगून ठेवते. शून्य दाबताना कंट्रोल चुकून धरले गेले, तर अख्खा रकाना दिसेनासा होतो, आणि कंट्रोल + ९ ने ओळ. आकडे पुसले गेलेले नसतात, फक्त लपलेले असतात. ओळीसाठी कंट्रोल + शिफ्ट + ९ दाबले की त्या परत दिसतात. दुसरे म्हणजे, एकच्या डावीकडील उलट्या अवतरणचिन्हाची कळ कंट्रोलसह दाबली गेली, तर सगळे रकाने फुगतात आणि रकमांच्या जागी सूत्रे दिसू लागतात. तीच जोडी पुन्हा दाबावी, शीट पूर्ववत होते. या दोन्ही वेळा लोक घाबरून फाइल बंद करतात आणि आधीचे काम गमावतात.

८. टॅलीची स्वतंत्र रीत

टॅली हा प्रोग्रॅम मुळातच कीबोर्डवर चालवण्यासारखा आहे, त्यामुळे येथे माउस हातात घेणारा माणूस आम्हाला लगेच ओळखू येतो. व्हाउचरच्या, म्हणजे एकेका व्यवहाराच्या नोंदीच्या, पडद्यावर एफ४ म्हणजे काँट्रा (रोख व बँक यांतील आपापसांतली नोंद), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स आणि एफ९ पर्चेस. एफ२ ने तारीख बदलते. नोंद करता करता खाते अस्तित्वात नाही असे लक्षात आले, तर नोंद न सोडता खात्याच्या जागी असताना ऑल्ट + सी दाबून तेथेच नवे खाते उघडता येते.

खाचखळगा असा की कंट्रोल + ए इतर सर्व ठिकाणी सगळे निवडण्यासाठी असते, तर टॅलीत ते नोंद स्वीकारून सेव्ह करते. वर्डमधून उठून टॅलीत आलेला हात कथन, म्हणजे नोंदीखालचा खुलासा, निवडण्यासाठी कंट्रोल + ए दाबतो आणि अर्धवट कथनाचे व्हाउचर खात्यावर चढते. तसेच ऑल्ट + डी व्हाउचर काढून टाकते आणि ऑल्ट + एक्स ते रद्द करते. रद्द केलेल्याचा क्रमांक मागे उरतो, काढलेल्याचा उरत नाही. हिशेब तपासणीसापुढे रद्द केल्याचा प्रकार समजावून सांगता येतो, म्हणून शंका असेल तेथे आधी वरिष्ठांना विचारावे.

९. मराठी आणि इंग्रजी यांची अदलाबदल

विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडून घेतली की विंडोज + स्पेस दाबून दोन्हींत ये-जा करता येते. उजव्या कोपऱ्यात सध्याची भाषा दिसते. तिकडे एक नजर टाकून मगच लिहायला लागावे, नाहीतर पासवर्डच्या जागी मराठी अक्षरे जातात आणि तीनदा चुकल्यावर खाते बंद पडते.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकावी असा माझा आग्रह आहे. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. सांगली लिहायचे, तर इंग्रजी कळांच्या नावाने एम, ई, एक्स, आय, एन, आर. हळद लिहायची, तर यू, शिफ्ट + एन, ओ. अर्धे अक्षर करण्यासाठी डी ही कळ असते. शेतकऱ्याच्या नावातला ऱ्या अनेकांना सापडत नाही आणि ते वेगळ्याच रूपात लिहितात. त्यासाठी शिफ्ट + जे, डी, तिरक्या रेघेची कळ आणि ई असा क्रम आहे. ज्यांना इतका वेळ देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो, त्यात उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटते. रकमा मात्र कोणत्याही भाषेत असताना नंपॅडवरूनच भराव्यात.

१०. हवा तो शॉर्टकट शोधण्याची युक्ती

सगळे पाठ करण्याची आवश्यकता नाही. वर्ड किंवा एक्सेलमध्ये ऑल्ट एकदा दाबून सोडा. वरच्या पट्टीवर प्रत्येक आज्ञेपाशी छोटी अक्षरे उमटतात. ती एकामागून एक दाबत जायची, धरून ठेवायची नाहीत. एक्सेलमध्ये ऑल्ट, एच, ओ, आय असे दाबले की रकान्याची रुंदी मजकुराएवढी होते, आणि ऑल्ट, एच, बी, ए ने निवडलेल्या भागाला चारी बाजूंनी रेघा पडतात. बटणावर माउस नुसता थांबवला, तरी बऱ्याचदा त्याचा शॉर्टकट लिहून येतो.

वहीतील यादीप्रमाणे आठवड्याला तीनच शॉर्टकट घ्यावेत, ते चिठ्ठीवर लिहून पडद्याला लावावेत आणि त्या आठवड्यात त्या तीन कामांसाठी माउस वापरायचाच नाही असे ठरवावे. पहिले दोन दिवस काम हळू होते. त्यामुळे हे मार्चअखेरीला किंवा ऐन हंगामात सुरू करू नये. हात चिठ्ठीकडे न बघता चालू लागला की चिठ्ठी फाडून टाकावी.

११. कीबोर्ड अचानक वेड्यासारखा वागू लागला तर

दुरुस्तीवाल्याला बोलावण्यापूर्वी हे तपासावे, कारण दहातील बहुतेक वेळा बिघाड नसतोच.

- बाणाने चौकट बदलण्याऐवजी अख्खे शीट सरकते: स्क्रोल लॉक चालू आहे. लॅपटॉपवर ती कळ नसेल, तर विंडोज + कंट्रोल + ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा आणि तेथून ती बंद करावी.
- नंपॅडवर आकडे उमटत नाहीत, कर्सर पळतो: नम लॉक बंद आहे.
- आवाज होऊन स्टिकी कीजची चौकट आली: शिफ्ट पाच वेळा दाबले गेले. नाही म्हणावे.
- कळ बराच वेळ दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही: उजवे शिफ्ट आठ सेकंद धरले गेल्यामुळे फिल्टर कीज चालू झाल्या आहेत. तसेच पुन्हा धरावे.
- प्रोग्रॅम गोठला: कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि फक्त तोच प्रोग्रॅम बंद करावा.

आमच्याकडे खरा बिघाड एकदाच झाला, तो हळदीच्या भुकटीमुळे. एंटर दाबली की आत जाऊन तेथेच बसे. संगणक बंद करून, कीबोर्ड काढून, उलटा धरून मऊ ब्रशने झाडल्यावर तिच्याखालून चिमूटभर पिवळी पूड निघाली आणि कळ वर आली.

१२. खुर्ची सोडताना

हमाल बोलावतो, गाडी आली म्हणून उठावे लागते, आणि खात्यांची खिडकी उघडीच राहते. उठण्यापूर्वी कंट्रोल + एस आणि नंतर विंडोज + एल. पडदा कुलूपबंद होतो आणि परत आल्यावर सगळे जसेच्या तसे असते. संध्याकाळी दुसरा कोणी त्या संगणकावर बसणार असेल, तर विंडोज + व्ही उघडून सर्व पुसण्याची आज्ञा द्यावी. पिन केलेल्या नोंदी त्या आज्ञेने जात नाहीत. खाते क्रमांक पिन केलेले असतील, तर ते एकेक करून काढावे लागतात.